कर्नल विल्यम हेन्री साइक्स

एल्फिन्स्टन, माल्कम, ग्रँट डफ ही नावे आमच्या विद्यार्थ्यांस इतिहासाच्या पुस्तकांतून परिचयाची झालेली असतात. पैकी ग्रँट डफ हे सातारा येथे रेसिडेंट होते आणि माल्कम यांच्या नावाची पेठ महाबळेश्वरी वसली, त्यामुळे ह्या भागात तर ती विशेषच ओळखीची आहेत. परंतु त्याच काळी, त्यांच्याच बरोबरीने ह्या दख्खन देशात वावरलेल्या आणखी एका पुरुषाचे नाव, जे पुढे इंग्लंडातील विद्वन्मंडळांत व हिंदुस्थानच्या पक्षिशास्त्रात सुविख्यात झाले, ते आमच्याकडे सहसा कोणाच्या मुखी येत नाही. ते नाव कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांचे होय. खटाव, माण, आटपाडी, जत ह्या तालुक्यांतील बाभळींवर दरवर्षी हिवाळ्यात जेमतेम तोळाभर वजनाचा एक मळकट रंगाचा पक्षी येऊन राहतो, व त्याच्या ठायी त्यांचे नाव आजही जिवंत आहे. त्यांचे चरित्र वाचकांपुढे थोडक्यात ठेवावे, आणि दिसावयास अगदी सारख्या असलेल्या वस्तूंतील भेद ओळखण्याची जी विद्या त्यांनी आयुष्यभर उपासिली तिच्याविषयीही चार शब्द सांगावे, असा आमचा हेतू आहे.

साइक्स यांचा जन्म १७९० सालच्या जानेवारी महिन्याच्या २५ तारखेस, इंग्लंडातील यॉर्कशर परगण्यात झाला. हल्लीचे विद्यार्थी ज्या वयात हायस्कुलाच्या खालच्या इयत्तांत असतात, त्या वयात म्हणजे १८०३ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीसाठी त्यांची निवड झाली, व पुढील वर्षी ते मुंबईच्या फौजेत अधिकारी म्हणून दाखल झाले. १८०५ साली लॉर्ड लेक यांनी भरतपूरच्या किल्ल्यास वेढा घातला तेव्हा हा पंधरा वर्षांचा मुलगा त्या सैन्यात होता. तो किल्ला त्या वेळी इंग्रजांच्या हाती आला नाही. पुढील चारपाच वर्षांत साइक्स यांनी हिंदुस्थानी व मराठी ह्या दोन्ही भाषा एवढ्या हस्तगत केल्या की १८१० सालच्या सुमारास ते दुभाष्याचे काम करण्यास पात्र ठरले. त्या काळी परदेशाहून आलेले कित्येक अधिकारी हुकूम देण्यापुरते शब्द शिकून स्वस्थ बसत. साइक्स यांनी तसे केले नाही, आणि त्यांच्या पुढील सर्व कार्याचा पाया ह्या भाषाज्ञानावरच रचला गेला.

१८१७ सालच्या नोव्हेंबर महिन्यात खडकी येथे पेशव्यांच्या व कंपनीच्या सैन्याची गाठ पडली. त्या लढाईत व त्यानंतर झालेल्या पुण्याच्या लढाईत साइक्स हे देशी शिपायांचे नेतृत्व करीत कंपनीच्या बाजूने लढले. डोंगरी किल्ले घेण्याच्या मोहिमेतही ते होते. आमच्या स्वराज्याचा ज्या लढायांनी अस्त झाला त्यांत ते प्रतिपक्षाचे सेनानी होते, ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. चरित्र लिहावयाचे ते खरे लिहावे. मनुष्याचे सर्वच कृत्य आपणांस प्रिय असले पाहिजे असे नाही, परंतु त्याच्या ज्या गुणापासून शिकण्यासारखे आहे तो गुण परका म्हणून टाकून देणे हेही शहाणपणाचे नव्हे.

युद्ध संपल्यावर १८२० साली साइक्स रजा घेऊन युरोपात गेले, व सुमारे चार वर्षे त्या खंडातील निरनिराळ्या देशांत प्रवास करीत राहिले. त्याच वर्षी वेरूळच्या लेण्यांविषयीचा त्यांचा निबंध मुंबईच्या साहित्यमंडळाने छापून काढला. ह्यावरून तरवार हाती असतानाही त्यांची दृष्टी कोणीकडे लागलेली होती हे दिसून येते. १८२४ साली एलिझाबेथ हे नामक स्त्रीशी त्यांचा विवाह झाला, व त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात ते पुनः हिंदुस्थानात आले.

त्या वेळी मुंबईचे गव्हर्नर मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे होते. नव्याने हाती आलेल्या मुलखात गावे किती, माणसे किती, जमीन कशी, पीक काय, पाऊस किती ह्यांची खात्रीची माहिती सरकारजवळ नव्हती. ती मिळवून तिची व्यवस्थित मांडणी करण्यासाठी एल्फिन्स्टन यांनी साइक्स यांस नेमिले. पुणे, अहमदनगर, खानदेश व धारवाड ह्या चार जिल्ह्यांची माहिती गोळा करण्याचे काम त्यांजकडे आले. सातारा त्या वेळी छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या राज्यात व सांगली पटवर्धनांच्या संस्थानात मोडत असल्यामुळे हे दोन्ही प्रदेश त्या चार जिल्ह्यांत नव्हते. तथापि पुणे व धारवाड ह्यांच्या मधोमध जो मुलूख आहे तो आमचाच होय. उत्तरेस व दक्षिणेस जी माती, जे डोंगर, जी बाभूळबने व जे पक्षी त्यांनी वर्णिले, तेच थोड्याबहुत फरकाने आमच्या कृष्णाकाठी व येरळाकाठीही आहेत.

हे काम त्यांनी सुमारे सहा वर्षे केले. नुसत्या कागदी आकड्यांवर त्यांचे समाधान होत नसे. लोकसंख्येची गणना, जमीनधाऱ्याच्या जुन्या पद्धती व शेतीची रीत ही माहिती जमविता जमविता त्यांनी वातभारमापक यंत्राची निरीक्षणेही वर्षानुवर्षे चालविली. हवेचा भार दिवसातून दोनदा वाढतो व दोनदा उतरतो, जणू काय समुद्राप्रमाणे हवेलाही भरतीओहोटी आहे, ह्याविषयीचा दख्खनातील निरीक्षणांवर आधारलेला त्यांचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने १८३५ साली प्रसिद्ध केला. रानातील झाडांवर आढळणाऱ्या एका रेशमाच्या किड्याविषयीही त्यांनी लिहिले. आणि ह्या सर्वांबरोबर दख्खनातील पशू, पक्षी व मासे ह्यांचे नमुने व टिपणे त्यांनी जमविली. पुष्कळ ठिकाणी त्यांनी प्राण्यांची मराठी लोकांत चालणारी नावेही नोंदून ठेविली. ज्या शेतकऱ्यांनी व शिकाऱ्यांनी ती नावे त्यांस सांगितली असतील, त्यांचेही ह्या विद्येवर ऋण आहे, हे आम्ही येथे कृतज्ञतेने म्हणतो.

परंतु सरकारी काम म्हटले म्हणजे त्यास खर्चाचा काच हा असावयाचाच. १८२९ सालच्या डिसेंबर महिन्यात त्यांची जागाच रद्द करण्यात आली. पाच वर्षे जमविलेली टिपणे, मोजमापे व नमुने अर्धवट स्थितीत पडून राहण्याचा प्रसंग आला. दुसरा एखादा अधिकारी असता तर त्याने दप्तर बांधून कचेरीत जमा केले असते व आपल्या पलटणीची वाट धरिली असती, आणि त्यास कोणीही दोष दिला नसता. साइक्स यांनी रजेचा अर्ज केला, आणि त्या रजेच्या दिवसांत ते अपुरे राहिलेले काम स्वतः पुरे करीत बसले. १८३१ सालच्या जानेवारीत ते संपल्यावरच ते पुनः सैनिकी कामावर रुजू झाले. त्यांच्या आयुष्यातील ही वर्षभराची गोष्ट आम्हांस खडकीच्या लढाईहून अधिक मोलाची वाटते. नेमणूक संपली तरी कर्तव्य संपत नाही, हे त्यांनी बोलून नव्हे तर करून दाखविले.

त्याच वर्षी ते लेफ्टनंट कर्नल झाले व मायदेशी परतले. १८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या वृत्तांतात त्यांची दख्खनातील पक्ष्यांची यादी छापून निघाली. शास्त्रास तोवर अज्ञात असलेल्या पन्नासांहून अधिक पक्ष्यांस तीत त्यांनी नावे दिली. त्यांतील काही नावे ऐकून आमच्या वाचकांस कौतुक वाटेल. महाबळेश्वरासारख्या सह्याद्रीवरील दाट झाडीत शीळ घालीत हिंडणाऱ्या एका काळ्या बुलबुलास त्यांनी गणेशाचे नाव दिले. माळावरील तुरेवाल्या तांबूस चंडोलाच्या नावात त्यांनी देव हा शब्द घातला. रानात थव्याने कलकलाट करणाऱ्या मोठ्या राखी सातभाईस त्यांनी माल्कम यांचे नाव दिले, तर एका रातव्याच्या नावात मराठ्यांचा उल्लेख केला. कृष्णेच्या घाटावर पाण्याशी मान आखडून बसणारा, जवळ जाताच पांढरे पंख पसरून उडणारा ढोकरी बगळा कोणी पाहिला नाही? एवढा नित्याचा हा पक्षी, पण शास्त्रीय ग्रंथांत त्याचे पहिले वर्णन लिहिले गेले ते साइक्स यांच्याच लेखणीने.

ह्याच यादीत त्यांनी एका लहानशा, कसलाही डौल नसलेल्या पक्ष्यास श्रीरामाचे नाव दिले. शास्त्रीय भाषेत त्याचे आजचे नाव इडुना रामा असे आहे, आणि बोलण्यात त्यास साइक्सचा वटवट्या म्हणतात. वटवट्या हे नाव ज्यांस आहे ते सारे पक्षी किडे टिपणारे, चिमणीहून बारीक, व क्षणभरही एके ठिकाणी न ठरणारे असे असतात. त्यांतील काही बारमास आमच्याकडेच राहतात. परंतु पुष्कळसे उत्तरेकडील थंड मुलखात वीण करून भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास इकडे उतरतात, व चैत्र येईपर्यंत परततात. रामाचे नाव धारण करणारा हा वटवट्या ह्या प्रवाशांपैकीच एक होय. कास्पियन समुद्राच्या पूर्वेकडील प्रदेश, इराण, अफगाणिस्तान व मध्य आशियाचा दक्षिण भाग हे त्याचे माहेर, आणि आमची बाभूळबने हे त्याचे हिवाळ्यातील बिऱ्हाड.

ह्या पाहुण्या वटवट्यांना ओळखणे हे पक्षिशास्त्रातील अत्यंत बिकट प्रश्नांपैकी एक समजले जाते. त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. पहिले असे की, मोराचा पिसारा किंवा खंड्याचा निळा पंख ह्यांसारखी डोळ्यांत भरणारी एकही खूण त्यांस नसते. पाठ मातकट, पोट मळकट पांढरे, एवढेच काय ते वर्णन. दुसरे असे की, विणीच्या ठिकाणी नर जे गाणे गातो त्यावरून जात चटकन उमगते, पण शरदात येथे आल्यावर ते गाणे बहुधा बंद असते व केवळ एक तुटक हाक तेवढी कानी पडते. तिसरे कारण पिसांचे. शरदात येणाऱ्या प्रौढ पक्ष्यांची पिसे उन्हाळाभर झिजून फिकी व विटकी झालेली असतात, तर त्याच वर्षी अंड्यातून निघालेल्या पिल्लांची पिसे नवी व टवटवीत असतात. त्यामुळे एकाच जातीचे दोन पक्षी परस्परांहून भिन्न भासतात, आणि दोन भिन्न जातींचे पक्षी मात्र जुळ्या भावंडांसारखे दिसतात. साइक्स यांस हा पक्षी दख्खनात मिळाला, आणि दख्खनात तो वीण करीत नाही. अर्थात गाणे नाही, घरटे नाही, अंडे नाही, अशा अगदी अवघड स्थितीतच तो त्यांच्या हाती आला असला पाहिजे. त्यांच्याजवळ होते ते दोन डोळे, मोजपट्टी आणि धीर.

आता ह्या रामाचा जो जुळा भाऊ त्याची ओळख करून घेऊ. तो पायमोजी वटवट्या होय. त्याचे शास्त्रीय नाव लिख्टेनस्टाइन नामक जर्मन पंडिताने १८२३ साली ठेविले, व त्या नावाचा अर्थ बूट घातलेला असा आहे. हा रशियाच्या व कझाकस्तानच्या गवताळ मुलखात वीण करतो, आणि हिवाळ्यात तोही आमच्याकडे येतो. दोघेही पाच इंचांच्या आतबाहेरचे, दोघेही मातकट, दोघेही बाभळीचे प्रेमी. तरीही सावधपणे पाहणाऱ्यास काही भेद सापडतात. साइक्सच्या वटवट्याची चोच लांबट असते व खालची चोच फिकट, टोकाशीही फारशी काळवंडलेली नसते. पायमोजीची चोच आखूड व नाजूक असून खालच्या चोचीचे टोक बहुधा गडद असते. साइक्सच्या वटवट्याची भुवई पुसट, जणू ओल्या बोटाने अर्धवट पुसलेली. पायमोजीची भुवई अधिक स्पष्ट, आणि तिच्या वरच्या कडेस गडद रेघेचा भास होतो. पहिल्याची शेपटी अंगाच्या मानाने लांब व पाठीचा रंग करड्याकडे झुकणारा. दुसरा ठेंगणा, अंमळ तपकिरी, गोल डोक्याचा, आणि पाहताक्षणी पर्ण वटवट्याची आठवण करून देणारा. वागण्यातही फरक आहे. साइक्सचा वटवट्या झाडांत व उंच झुडपांत अधिक रमतो, तर पायमोजी हा ठेंगण्या झुडपांत, शेताच्या कडेला, प्रसंगी जमिनीवरही किडे वेचताना आढळतो. परंतु ह्यांपैकी एकाच खुणेवर भरवसा ठेवणारा हटकून फसतो. तीनचार खुणा एकत्र जुळल्या तरच निर्णय करावा.

ह्या दोघांच्या जोडीस तिसराही एक आहे, व तो तर बागाबागांतून सर्वत्र दिसतो. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे व्यवस्थापक एडवर्ड ब्लिथ यांनी १८४९ साली वर्णिलेला हा बोरू वटवट्या होय. कुंपणाच्या जाळीत, आमराईत, उसाच्या बांधावरील झुडपांत राहून तो दिवसभर चक् चक् अशी हाक देत असतो. ह्याचे कपाळ उतरते, चोच लांब, शेपटीचे टोक गोलसर, आणि शेपटीखालची पिसे लांब असतात. साइक्सचा व पायमोजी ह्यांच्या शेपटीचे टोक मात्र सरळ कापल्यासारखे, व तिच्याखालची पिसे आखूड असतात. पाठीवर हिरवट झाक असलेले, वृक्षांच्या शेंड्यांवर पानापानांतून भिरभिरणारे पर्ण वटवट्ये हा आणखी निराळाच वर्ग. त्यांतील हिरवट पर्ण वटवट्याच्या पंखावर एक बारीक फिकी रेघ असते, पण पिसे झिजली की तीही नाहीशी होते. मायणीच्या तळ्याकाठी, सागरेश्वराच्या रानात, किंवा दंडोबाच्या डोंगरावर दिवाळीच्या सुटीत जे विद्यार्थी जातील, त्यांनी ह्या खुणा मनात धरून झाडांकडे पाहावे. पहिल्या दिवशी सारे सारखेच दिसतील. आठव्या दिवशी दिसणार नाहीत.

आता पुनः चरित्राकडे वळू. १८३३ साली साइक्स यांनी सैनिकी सेवेतून कर्नलच्या हुद्द्यासह निवृत्ती घेतली, व पुढील वर्षी ते रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले. १८३५ पासून सुमारे दहा वर्षे वेड्यांच्या इस्पितळांवर देखरेख करणाऱ्या सरकारी आयुक्तांत त्यांनी काम केले. १८३८ साली दख्खनच्या चार जिल्ह्यांविषयीचा त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. १८४० साली ते ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक, व १८५६ साली संचालकमंडळाचे अध्यक्ष झाले. ह्याच कंपनीच्या अमदानीत १८४८ साली सातारचे राज्य खालसा झाले, व दहाच वर्षांनी ती कंपनीही राज्यकारभारातून नाहीशी झाली, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. प्राचीन हिंदुस्थानच्या धार्मिक व राजकीय स्थितीविषयी, चिनी प्रवासी फाहियान याच्या वृत्तान्ताच्या आधारे त्यांनी एक निबंध १८४१ साली लिहिला. १८५७ साली ॲबर्डीन शहराच्या वतीने ते पार्लमेंटात निवडून गेले, व मृत्यूपर्यंत तेथे राहिले. चीन देशातील तैपिंग बंडात इंग्लंडने हात घालू नये असा त्यांचा आग्रह होता, व १८६३ साली त्या विषयावर त्यांनी पुस्तकही प्रसिद्ध केले. रॉयल एशियाटिक सोसायटीचे अध्यक्षपद १८५८ साली, आणि लंडनच्या संख्याशास्त्र मंडळाचे अध्यक्षपद १८६३ साली त्यांस मिळाले. १८७२ सालच्या जून महिन्याच्या १६ तारखेस, वयाच्या ८२व्या वर्षी, लंडन येथे त्यांचे देहावसान झाले.

मनुष्य जातो, पण त्याने दिलेल्या निर्णयांची परीक्षा मागाहून होतच राहते. साइक्स यांच्या दोन निर्णयांची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. आमच्या सह्याद्रीत थव्याने शिकार करणारा जो तांबूस रानकुत्रा त्यास मराठी लोक कोळसून म्हणतात. साइक्स यांनी १८३१ साली ती एक निराळीच जात मानून तिला दख्खनचे नाव दिले, व तिचे मराठी नावही नोंदले. पुढे अधिक प्रदेशांतील नमुने एकत्र पाहिल्यावर असे ठरले की, सैबेरियापासून जावापर्यंत पसरलेल्या एकाच जातीचा तो रानकुत्रा आहे. म्हणजे जेथे त्यांनी दोन पाहिले, तेथे वस्तुतः एकच होते.

रामाच्या बाबतीत ह्याच्या अगदी उलट घडले. साइक्स यांनी ज्यास निराळे मानिले, त्यास पुढील पंडितांनी पायमोजी वटवट्याचीच एक पोटजात ठरविली, आणि विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात मोठमोठ्या ग्रंथांत तो तसाच लिहिला गेला. दिसण्यात फरक एवढा थोडा की ह्यात त्यांस दोष देण्याजोगे काही नव्हते. परंतु त्या शतकाच्या अखेरीस अभ्यासकांनी ह्या प्रश्नाची नव्याने छाननी केली. संग्रहालयांतील नमुने पुनः मोजले, विणीच्या प्रदेशांतील गाण्यांची व राहण्याची तुलना केली, आणि रक्तातील आनुवंशिक द्रव्याचीही परीक्षा केली. तेव्हा हे दोन पक्षी खरोखरच भिन्न आहेत असे दिसून आले, व एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून रामा ही स्वतंत्र जात म्हणून सर्वत्र मान्य होत गेली. १८३२ साली एका लष्करी गृहस्थाने दख्खनात डोळ्यांनी पाहून जे लिहिले, ते दीडशेहून अधिक वर्षांनी खरे ठरले. गणेशाचे नाव लाभलेल्या त्या काळ्या बुलबुलाचीही गोष्ट थोडीबहुत अशीच आहे. तोही दीर्घ काळ दुसऱ्याची पोटजात गणला जाऊन अलीकडे पुनः स्वतंत्र झाला आहे.

ह्या दोन हकीकतींतून आम्ही काय घ्यावे? साइक्स यांस रामाच्या बाबतीत यश आले म्हणून ते मोठे, आणि कोळसुनाच्या बाबतीत आले नाही म्हणून ते लहान, असे आम्हांस वाटत नाही. दोन्ही ठिकाणी त्यांनी एकच गोष्ट केली. जे पाहिले ते स्पष्ट लिहून, नमुन्यासह जगापुढे ठेविले, आणि पुढील पिढ्यांस ते तपासून पाहण्याची सोय करून दिली. ज्याचा निर्णय तपासता येतो तोच खरा अभ्यासक. नोंद न ठेवता नुसते ठाम बोलणाऱ्याचे बोलणे खरे निघाले तरी विद्येस त्याचा उपयोग नाही.

विद्यार्थिमित्रहो, सारख्या दिसणाऱ्या वस्तूंतील भेद ओळखण्याचा प्रसंग केवळ पक्ष्यांपुरता येत नाही. शेतकऱ्यास गव्हाच्या रोपात तण ओळखावे लागते, वैद्यास एकासारखे दिसणारे दोन ताप वेगळे करावे लागतात, न्यायाधीशास खरी साक्ष व खरीसारखी साक्ष ह्यांतील अंतर पाहावे लागते. ह्या सर्वांस लागणारा गुण एकच, आणि तो लहानपणीच अंगी बाणवावा लागतो. म्हणून आमची सूचना अशी की, ह्या हिवाळ्यात प्रत्येकाने एक साधी वही करावी. पक्षी दिसला की जागा, तारीख व वेळ लिहावी. तो झाडावर होता की झुडपात, चोच कशी, भुवई कशी, शेपटीचे टोक कसे, हाक कशी, हे पाच प्रश्न स्वतःस विचारून त्यांची उत्तरे तेथेच टिपावी, घरी येऊन आठवून नव्हे. आणि शेवटी खात्री पटली नाही तर वटवट्या, जात अनिश्चित, असे लिहावे. तसे लिहिण्यात कमीपणा मुळीच नाही. मोठमोठे जाणतेही शरदातील पुष्कळ वटवट्यांपुढे हेच शब्द लिहितात. मोहरीच्या दाण्याएवढ्या शंकेलाही जागा ठेवणारी वही ही, सर्वज्ञपणाचा आव आणणाऱ्या वहीहून शतपट विश्वासार्ह असते.

पालकांसही एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी बाभळीखाली तासभर मान वर करून उभी राहिली तर वेळ फुकट चालला असे समजू नये. ज्या परमेश्वराला एका चिमणीचाही विसर पडत नाही असे आम्ही मानतो, त्याच्या हातच्या लहानात लहान कृतीकडे आदराने पाहावयास शिकणे, हा शिक्षणाचाच भाग आहे. शिवाय ह्या बाभळी, हे बांध व हे माळ झपाट्याने कमी होत आहेत. हजारो मैलांवरून येणाऱ्या ह्या पाहुण्यास उतरावयास जागा राहिली पाहिजे, आणि ती राखण्याची इच्छा त्यालाच होईल ज्याने त्यास एकदा तरी निरखून ओळखले आहे.

कर्नल साइक्स यांनी आयुष्यात अनेक मानाची पदे भूषविली. त्यांतील बहुतेक आज केवळ जुन्या कागदांत राहिली आहेत. ज्या कंपनीचे ते अध्यक्ष झाले ती तर केव्हाच लयास गेली. परंतु जागा रद्द झाल्यावरही रजा घेऊन पुरे केलेले ते काम मात्र टिकले आहे, आणि त्याची साक्ष देण्यास तो तोळाभराचा पाहुणा यंदाच्या शरदातही येरळेच्या काठच्या बाभळींवर उतरेल. आमच्यापैकी कोणीतरी त्यास धीराने न्याहाळावे, व बरोबर नावाने, किंवा प्रामाणिक शंकेने, आपल्या वहीत नोंदवावे, एवढीच आमची इच्छा आहे.